तिनं लिहिलेलं मी खोडलं

दवाखान्यातला फोन मीच उचलायचो.

"हॅलो, मॅडम आहेत का?"

"मी डॉक्टर बोलतोय. सांगा."

"नाही, मॅडमशीच बोलायचं होतं. कधी येतील?"

"चार वाजता."

"मग चारला करते."

आणि फोन बंद. असे फोन दिवसातून चार-पाच तरी यायचे. पाचवा फोन ठेवला की मी समोरच्या पेशंटचा गुडघा जरा जोरात वाकवायचो. तो "आई गं" म्हणाला की भानावर यायचो.

मुलुंड पूर्वेला एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. आमचा म्हणजे माझा आणि बायकोचा. दोघं एकाच कॉलेजातले, एकाच वर्गातले. मी वर्गात पहिला होतो, ती सातवी की आठवी. हे मी इथं लिहिलं यावरूनच कळेल की ते मी कधी विसरलो नाही. मुलगा झाला, मग माझ्या आईला अर्धांगवायू झाला, आणि बायको बारा वर्षं घरी राहिली. आई गेल्यानंतर ती म्हणाली, "आता मी दवाखान्यात येते." मी म्हटलं, "ये ना, मदतच होईल." मदत हा शब्द माझा. मग मधे एक हिरवा पडदा लावून मी तिला आतली बाजू दिली. तिथं खिडकी नव्हती आणि पंखा कुरकुरायचा. नियमही मीच केला: बायका तिच्याकडे, पुरुष माझ्याकडे. कारण सांगायला सोपं होतं, पेशंटना संकोच नको. खरं कारण असं की निदान अर्धे पेशंट तरी माझेच राहतील.

वर्षभरात पुरुषही विचारू लागले, "मॅडम नाही बघत का आम्हाला?"

हाडं, सांधे, स्नायू यांच्या दुखण्यात निम्मं काम विचारपूस करण्यात असतं. एक्स-रे नंतर, हात लावणं नंतर. कधीपासून दुखतं, कशानं सुरू झालं, कुठं, तिथून कुठं जातं, कशानं वाढतं, सकाळी आखडतं का, मुंग्या येतात का, ताप, वजन, आधीचे आजार. हे सगळं मला तोंडपाठ होतं. मी त्याचा दोन पानी छापील फॉर्मच केला होता. त्यावर माणसाचं पुढून आणि मागून चित्र, दुखतं तिथं गोल करायचा, आणि खाली "दहापैकी किती दुखतं?" त्या प्रश्नावर लोक गोंधळायचे. एक आजी म्हणाल्या, "दहापैकी बारा." कॉलेजातल्या एका मुलानं विचारलं, "पास व्हायला किती लागतात?" बरेच जण म्हणायचे, "तुम्हीच घाला डॉक्टर, तुम्हाला कळतं." आणि मी घालायचो. सहा, सात, कधी पाच. आठ मिनिटांत फॉर्म पूर्ण. कॉलेजात तोंडी परीक्षेला मी हेच केलं होतं, एकही प्रश्न न गाळता.

ती फॉर्म वापरायची नाही. पेशंटला खुर्चीवर बसवायची, शेकाचे धुतलेले टॉवेल मांडीवर घ्यायची आणि त्यांच्या घड्या घालत म्हणायची, "सकाळी डोळे उघडल्यापासून सांगा. मी मधे बोलणार नाही." खरंच बोलायची नाही. नजरसुद्धा टॉवेलवर. समोरचा माणूस आधी अडखळायचा, "काय सांगू मॅडम, उठतो, चहा घेतो..." मग हळूहळू दिवस उलगडायचा. कोणत्या कुशीवर उठतो, संडासात बसताना कशाला धरतो, माळ्यावरचा डबा आता सून काढते, नमाजाला बसता येत नाही, नातवाला उचलत नाही आणि नातू रुसलाय. वीस मिनिटं, कधी चाळीस. शेवटी ती दोन-तीनच प्रश्न विचारायची. "एका बोटानं दाखवा, नक्की कुठं." मग उठून हात लावायची.

पडद्याच्या या बाजूला मला सगळं ऐकू यायचं. माझा पेशंट मशीन लावून पडलेला आणि माझे कान तिकडे. तिकडून हसणं आलं की मी घड्याळ बघायचो. कुणी रडायला लागलं तरी मला राग यायचा, माझ्याकडे कुणी कधी रडलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहायला मला जास्त वेळ लागतोय. मला तिच्या पेशंटांचाही हेवा वाटायचा. पंचवीस वर्षांच्या संसारात ती माझ्यासमोर टॉवेलच्या घड्या घालत अशी कधी बसली नव्हती. एकदा जेवताना मी टोमणा मारला, "आम्हालाही कधी विचार, सकाळपासून सांगा म्हणून."

ती म्हणाली, "सांग ना. सांग आत्ता."

मी म्हटलं, "आमटी अळणी आहे."

"बघ," ती म्हणाली, आणि मीठ पुढं सरकवलं.

मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले. आमच्याकडे समज असा की पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाते. घाटकोपरला आमच्या चाळीत रविवारी सकाळी दोन-तीन तरी माणसं यायची. मी सहा-सात वर्षांचा. आई मला दंडाला धरून उभं करायची, पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीला मी डावा पाय तीनदा लावायचो. माणूस उठायचा, कण्हत का होईना, आणि म्हणायचा, "वा! बरं वाटलं हो!" मग मला चिक्की. त्यातला एकही कधी म्हणाला नाही की बाळा, अजून दुखतंय. लहान पोराला आणि त्याच्या आईला असं तोंडावर कोण सांगणार? पुढं मी हेच काम शिकलो, डिग्री घेतली, पण "बरं वाटलं" हे शब्द ऐकण्याची सवय तिथली.

तर एक दिवस माझ्याकडे एक गृहस्थ आले. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात ते लोखंड कातायचं लेथ मशीन चालवायचे. वय छप्पन्न, मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. राहायला मुलुंडलाच, तीन मजली जुन्या इमारतीत सगळ्यात वर, लिफ्ट नाही. घरी बायको आणि एक मुलगी, तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. सोबत कमरेचा एक्स-रे होता आणि डॉक्टरांची चिठ्ठी, वयोमानाप्रमाणे झीज, फिजिओथेरपी द्यावी.

"डॉक्टर, उसण भरली आसा," ते म्हणाले. "तीन म्हयने झाले, सुटत नाय."

"कमरेत ना?" मी चित्र पुढं करत विचारलं.

"होय. कमरेतच म्हणा."

मी कमरेवर गोल केला. रात्रीचा त्रास, ताप, वजन या रकान्यांपुढं मी पेन तसंच खाली सरकवत नेलं. "बाकी काही नाही ना?" "नाय नाय." दहापैकी सहा मीच घातले.

माणूस मोठा गमत्या. समोरच्या वाण्याकडून त्यांना माझं पायाळूपण कळलं. दुसऱ्या दिवशी दारातूनच ओरडले, "काय ओ, तुमी पायाळू म्हणे! मगे ह्यो मशिनी कित्याक? एक लाथ घाला, मी घराक जातंय!" पडद्याआड बायको खळखळून हसली. मीही हसलो. पण ती माझ्या पेशंटवर हसली, हे मी नोंदवून ठेवलं.

शेक, मशीन, व्यायाम. रोज मी विचारायचो, "आज बरं आहे ना?" रोज ते म्हणायचे, "बरां आसा. कालच्यापेक्षा बराच बरां." दहा दिवस झाले, बारा झाले. एके दिवशी ते गेल्यावर बायको पडदा सारून आली.

"अरे, हे गृहस्थ बूट घालताना श्वास रोखतात. ऐकलंयस?"

"वय झालंय."

"तुझ्याएवढेच आहेत जवळजवळ. तू रोखतोस?"

"माझा पेशंट आहे ना? मग मला बघू दे."

ती पडदा ओढून आत गेली.

त्यानंतर आठवड्यानं माझी आत्या गेली. तिच्या बाराव्याला मला दोन दिवस रत्नागिरीला जावं लागलं. माझे पेशंट बायकोनं बघितले. परत आलो आणि सकाळी केसपेपर चाळायला बसलो. लेथवाल्यांच्या कागदावर, माझ्या छापील रकान्यांच्या खाली, तिच्या बारीक अक्षरात अर्धं पान भरलं होतं. ते मला अजून जवळजवळ पाठ आहे.

पहाटे तीनला दुखण्यानं जाग येते, घरच्यांना कळू नये म्हणून जिन्यात जाऊन बसतात. संध्याकाळी अंग कसकसतं, कामावर स्वेटर नेतात. दोन महिन्यांत पट्टा दोन भोकं आत. एका बोटानं दाखवलं ते कमरेत नाही, त्याच्या बरंच वर, खांद्याच्या दोन पात्यांच्या खाली मधोमध. तिथं हलकं ठोकलं तरी दचकले. एक्स-रे कमरेचा आहे, दुखणं वरच्या मणक्यात आहे. आज व्यायाम दिला नाही. आणि खाली, दोनदा अधोरेखित: हाडांच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात, एमआरआयसाठी. टीबी नाही ना, बघायला हवं.

ज्याला या कामाची अक्षरओळख आहे त्याला हे वाचून काय करायचं ते कळतं. मलाही कळलं. हे मी पुन्हा लिहितो, कारण नंतर कित्येक दिवस मी स्वतःला सांगत होतो की मला कळलं नव्हतं. मला कळलं होतं. पण त्याच्या आधी दुसरं काहीतरी वर आलं. माझ्याकडे हा माणूस वीस दिवस आला, रोज बरां आसा म्हणाला, आणि तिच्यासमोर एका दुपारी जिन्यापर्यंतचं सगळं सांगून बसला. तिला स्वेटरसुद्धा सांगितला! मी तो कागद धरून बसलो होतो आणि मला त्या दुपारचा, त्या खुर्चीचा, टॉवेलांचा राग येत होता.

अकरा वाजता ते आले. बायको बँकेत गेली होती. त्यांनीच विषय काढला.

"डॉक्टर, मॅडम म्हणाल्या, मोठो फोटो काढूक होयो. ताबडतोब म्हणाल्या. काढू?"

मी फॉर्म समोर घेतला. मुद्दाम. पेनचं टोपण काढलं आणि शाळामास्तरासारखा ताठ बसलो.

"आपण नीट बघू. रात्री झोप लागते ना तशी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तशी लागता."

"मधे उठता ते वयामुळे, लघवीला वगैरे. हो ना?"

"होय, तसाच."

"ताप मोजलाय कधी? नाही. म्हणजे ताप नाही."

"नाय, मोजूक नाय."

"आणि माझ्या ट्रीटमेंटनं फरक आहे ना?"

"आसा तर! फरक आसाच."

"मग घाई कशाला? दोन आठवडे बघू. एमआरआय काय, कधीही निघतो."

ते हसले. माझ्या मनासारखं झाल्याचं मला दिसत होतं आणि त्यांना सुटल्यासारखं वाटल्याचंही. मग मी तिच्या अधोरेखित ओळींवर एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: पुन्हा विचारले. रात्री विशेष त्रास नाही. ताप नाही. सुधारणा आहे. चालू ठेवणे. सही केली. सही मी एरवी कधी करत नाही.

संध्याकाळी बायकोनं ते बघितलं.

"हे तू खोडलंस?"

"मी पुन्हा विचारलं त्यांना. ते नाही म्हणाले."

"विचारलंस कसं?"

"जसं विचारतात तसं. पहिला आलो होतो मी, विसरलीस का?"

तिनं कागद माझ्यासमोर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "अरे, त्यांचा मणका आहे तो. वर्ग नाहीये आपला."

"पेशंट माझा आहे."

"मी फोन करू त्यांना?"

"कर. आणि सांग की आमच्या दवाखान्यात दोन डॉक्टर आहेत आणि दोघांचं पटत नाही. करच."

तिनं फोन केला नाही.

तीन आठवडे गेले. त्यांनी दोन-तीन खाडे केले, कामाचं कारण सांगितलं. आले की बरां वाटता. एकदा चप्पल पायातून निसटली तर म्हणाले, "नवी आसा, सैल होता." मी पाहिलं. पायाची ताकद बघायला दोन मिनिटं लागतात. बघितली असती तर काय सापडलं असतं ते मला ठाऊक होतं, म्हणून बघितली नाही.

मग एका सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. योगायोगानं तो बायकोनं उचलला. कामाला निघाले असताना दुसऱ्या मजल्यावर दोन्ही पाय एकदम गेले. पडले नाहीत, कठडा धरून खालीच बसले, पण उठता येईना. शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून खाली आणलं.

मणक्याचा टीबी. पाठीतला एक मणका खचून मज्जारज्जूवर दाब आला होता. ऑपरेशन झालं. बायको आणि मी तिसऱ्या दिवशी बघायला गेलो. ते पालथे नव्हते, कुशीवर होते, आणि तरी आम्हाला बघून हात उचलला. पायाची बोटं जराशी हलत होती. त्यांच्या बायकोनं चादर सारून दाखवली, जणू काही बाळाची बोटं दाखवावीत.

मुलगी मात्र ताठ उभी होती. माझ्या बायकोला म्हणाली, "मॅडम, तुम्ही तेव्हाच एमआरआय सांगितला होता ना? बाबा घरी येऊन म्हणाले होते. मग सरांनी नको कसं म्हटलं?"

"गप ऱ्हव गो," ते पडल्या पडल्या म्हणाले. "तेंची काय चूक? तेनी इचारल्यानी, मीच नाय म्हटलंय." मग माझ्याकडे बघून, "वीस दिवस तुमी मेहनत घेतल्यात डॉक्टर. तोंडार दुखता म्हणून कसा सांगू? बरां नाय दिसत ता. आणि हिचा लगीन जमत होता, घरात दुखणा आसा ह्या बाहेर कित्याक?"

बायको माझ्याकडे बघत होती. तिनं माझ्यासाठी जागा करून ठेवली होती, जशी पेशंटसाठी करते. एक वाक्य पुरलं असतं.

मी विचारलं, "टाके कधी काढणार म्हणाले?"

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "मला वाटलं तू बोलशील."

मी रिक्षावाल्याला वळण सांगितलं.

"मी फोन करायला हवा होता. तुझ्या रागाला घाबरून केला नाही. ते माझं. ते मी त्या मुलीला सांगणार आहे. खोडलंस ते तुझं. ते मी नाही सांगणार. तू सांग."

तिनं आपलं सांगितलं. कधी, काय शब्दांत, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मी मात्र पाच महिने काही बोललो नाही. या पाच महिन्यांत मी त्यांच्या घरी फळं घेऊन गेलो, त्यांच्या गोळ्यांची चौकशी केली, कारखान्याच्या मालकाला फोन करून नोकरी राखायची विनंती केली. मालक चांगला होता, म्हणाला, "राखतो हो, पण लेथवर आठ तास उभा राहील का माणूस?" या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. सगळे म्हणायचे, डॉक्टरांनी किती केलं. ते ऐकून मला बरं वाटायचं, आणि बरं वाटतं म्हणून रात्र वाईट जायची.

मग ते वॉकर घेऊन दवाखान्यात आले. मुलगी बरोबर. आता खरं काम होतं, पायांत ताकद आणायची, तोल शिकवायचा, जिना शिकवायचा. सवयीनं ते माझ्या बाजूला वळले आणि पलंगावर बसले. अंगावरचं मांस गेलं होतं, तरी डोळे तेच. "चला डॉक्टर, घाला लाथ," म्हणाले.

मी फॉर्म काढला. जुना केसपेपर त्याला टाचलेला होता. तो मी त्यांच्या हातात दिला. का दिला, मला सांगता येत नाही. तोंडानं सुरुवात होत नव्हती म्हणून असेल.

"हे मॅडमनी लिहिलेलं," मी म्हटलं. "ही रेघ मी मारली."

त्यांनी चष्मा लावला. वाचायला बराच वेळ लागला. मुलगी खांद्यावरून वाचत होती.

"तुमका पटला नाय मगे तेंचा," ते म्हणाले. "तसा होता. दोन मिस्त्री आले काय दोन मापां."

"पटलं होतं," मी म्हटलं. "वाचल्यावर लगेच पटलं होतं. तुम्ही मला वीस दिवसांत जे सांगितलं नाही ते तिला एका दिवसात सांगितलंत. ते मला सहन झालं नाही. म्हणून मी तुम्हाला असं विचारलं की तुम्ही नाहीच म्हणाल. तुम्ही नाही म्हणावं म्हणून विचारलं."

पडद्यापलीकडे कुणाशी तरी चाललेलं बोलणं थांबलं.

"म्हणजे," त्यांनी चष्मा काढला, "माझ्या पाठीत काय आसा ता तुमका म्हायत होता."

"असेल असं वाटत होतं."

"आणि मी इतके दिवस घरात सांगतंय, माझीच चूक. हिका सांगतंय, हिच्या आईक सांगतंय."

"हो."

मला वाटलं होतं ते ओरडतील. किंवा, खरं सांगायचं तर, मला वाटलं होतं ते जाऊ द्या म्हणतील. गमत्या माणूस, काहीतरी विनोद करून मोकळं करतील. या आशेवरच बहुतेक मी बोललो होतो. त्यांनी कागदाची घडी घातली आणि मुलीकडे दिली.

"देव नाय मानलंय तुमका," ते म्हणाले. "पण शहाणो मानत होतंय. बायलेवर कसलो हेवो, ओ? तीस वरसां लेथ चालवलंय मी. बाजूचो माणूस माझ्यापेक्षा चांगलो निघालो तर तेचा काम खराब करूक जाऊक नाय कधी." मग वॉकर ओढला. "ऊठ गो. मॅडमकडे चल."

चार पावलं होती, पण त्यांना पडद्यापर्यंत पोचायला मिनिटभर लागलं. मी मदतीला हात पुढं केला, तो मुलीनं बाजूला केला.

ते गेले आठ महिने तिच्याकडे येतात. लेथवर ते परत गेले नाहीत. मालकानं त्यांना तयार मालाचं माप तपासायच्या टेबलावर बसवलं आहे, बसून करायचं काम. पगार कमी. मुलीचं लग्न जमलं, दुसरीकडे. माझ्याशी ते बोलतात, "पंखो लावा" किंवा "मॅडम इल्या?" एवढंच. लाथेचा विषय पुन्हा निघाला नाही. बायकोची बाजू आता बाहेरची आहे, खिडकीची. मी देऊ केली. ती म्हणाली, "उपकार नकोत. पण उजेड पाहिजे," आणि घेतली. पुरुष-बायका असा नियम राहिला नाही. मी तिच्यासारखं विचारायचा प्रयत्न करतो. पेशंट बोलायला लागला की माझ्या जिभेवर पुढचा प्रश्न तयार असतो, तो गिळायला मला दात आवळावे लागतात. कधी जमतं.

मागच्या सोमवारी तिकडून त्यांचा आवाज आला. सकाळी ते तिन्ही मजले एकटे उतरले होते. काठी काखेत मारून, कठड्याला नुसतं बोट लावून. "खाली पोचलंय आणि मागे बघितलंय तर बायल वरसून रडता!" बायको ओरडलीच, "अहो दादा! काय सांगता काय!" आणि टाळ्या वाजवल्या. माझ्या पलंगावरच्या बाईंनीही मान उचलून विचारलं, "काय झालं हो?"

हे सगळं लिहायला घेतलं तेव्हा ठरवलं होतं की बरं दिसणारं लिहायचं नाही. म्हणून त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते त्याच क्रमानं लिहितो. आधी आलं, हे त्यांनी तिला सांगितलं. मग आलं, ते उतरले.

थोड्या वेळानं ते निघाले. मी दाराच्या मधोमध उभा होतो, काहीतरी बोलावं म्हणून. शब्द जुळवत होतो. ते काठी टेकत जवळ आले आणि थांबले.

"बाजूक व्हा, डॉक्टर," ते म्हणाले. "मोडता घालू नकात. पायांक लय आलेली आसा."

मी बाजूला झालो.